स्वखुशीने

टोकन एकशे सात.
चांगीबाय बाळाराम भोईर, वय एकोणसत्तर, राहणार दारावे.
सोबत दोन भाऊ, एक वकील,
वकिलाच्या बगलेत हक्कसोड पत्र.

बेलापूरच्या या कार्यालयात माझं काम एवढंच:
इथे बघा, हलू नका,
आता अंगठा. दाबा. उचला.
भाऊबीज झाली की बहिणींची रांग वाढते.
बऱ्याच जणी नवी साडी नेसून येतात,
फोटो निघणार म्हणून.

चांगीबायचा अंगठा यंत्राला दिसेना.
एकदा. दोनदा. ओल्या फडक्याने पुसून तिसऱ्यांदा.
चौदा वर्षं मिठागरात, पुढची कोलीम निवडण्यात,
रेषा कधीच्याच खाडीला गेलेल्या.
"यंत्राला मी दिसत नाय," ती म्हणाली,
"भावांना इचार, त्यांना तरी दिसतंय का."

वकील म्हणाला, शाईचं पॅड आणा.
मी खण उपसत होते, तेवढ्यात ती:
"काय लिवलंय तं वाच गो."
वाचलं. मी लिहून देणार, स्वखुशीने,
कोणाच्याही दबावाशिवाय,
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडातला माझा हिस्सा…
"थांब. खुशी कोनाची?"
"तुमची."
"मना म्हाईतच नव्हतं."

ही धवलारीण. हे मला मागाहून कळलं, शिपायाकडून.
शिपायाचं लग्नही हिनेच लावलेलं.
भट नाही, पोथी नाही, नुसत्या गळ्यावर
हिने लावलेली लग्नं तीनशेच्या वर.
खाडीला बोलवायचं, डोंगराला बोलवायचं,
घरातल्या मेलेल्यांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बसवायचं.
तिची हाक गेल्याशिवाय देव येत नाही,
नवरा बोहल्यावर चढत नाही.
मोबदला: नारळ, तांदूळ, लुगडं.
समोरच्या दोन्ही भावांची हळदही हिच्याच आवाजात चढली.

"मांडवान मी मोठी," ती म्हणाली,
"आनि मांडव सुटला का पावनी?"

हसुरामने घड्याळ पाहिलं.
जोमाने, खोटं कशाला सांगू, जमिनीकडे पाहिलं.
"ताई, तू आम्हाला आईच्या जागी."
"आयेचा पन नाव नव्हता सातबाऱ्यावर."

वकील हसला. "म्हातारी अगदी पुरुषासारखी बोलते हो."

"पुरुषासारखी कनाला? बाईसारखीच बोलतंय.
तुला येतो का धवला? गा, एक कडवं गा."
वकील गप्प.
"नाय ना येत? मंग नको गाऊस.
तुजं तुला, माजं मना. येगलं हाय तं येगलंच र्‍हावंदे.
पन येगली हाय म्हनून जमीन कमी कनाला?"

पॅड सापडलं होतं.
मी ते लगेच टेबलावर ठेवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत
मी याच खुर्चीतून उठून पलीकडच्या खुर्चीत बसले होते.
माझा अंगठा पहिल्याच दाबात उठला.
स्वखुशीने.
दादाने खाली नेऊन कोकम सरबत पाजलं.
चांगलं होतं सरबत.

चांगीबायने स्वतःच पॅड ओढलं,
अंगठा बुडवला, पुरता, नखापर्यंत.
भाऊ पुढे सरकले. वकिलाने कागद सरळ केला.
आणि तिने टेबलावरून वाकून
तो अंगठा माझ्या गालावर टेकवला.
"रोज येवऱ्या बहिनी बगतेस, पोरी.
नजर लागंल."

मग गेली. गाडीतून नाही,
बसथांब्याकडे, पदराला शाई पुशीत.
मागून जोमा गेला, धापा टाकत.
त्यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही.

टोकन एकशे आठ.
तिशीची असेल. मोरपंखी साडी, घडीची रेघ अजून तशीच.
कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून
माझ्याकडेच बघत राहिली.
"मॅडम, गालाला काहीतरी लागलंय."
"असू दे," मी म्हटलं. "बसा.
अंगठा नंतर.
आधी वाचून दाखवते."